सल्ला सदर: मोर्च्यात साक्ष दे म्हणतायत, पण माझे पाय अडतायत

पत्र:

"ताई, मी 22 वर्षांचा आहे, चर्चमध्येच वाढलो, यूथ ग्रुपमध्ये गिटार वाजवतो. पुढच्या महिन्यात आमच्या आणि आजूबाजूच्या मंडळ्यांचा मिळून गर्भपाताविरोधात प्रो-लाइफ मोर्चा आहे आणि शेवटी स्टेजवर मी साक्ष द्यावी, म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, अशी आमच्या यूथ लीडरची इच्छा आहे. कारण माझ्या वेळी आईला पाचवा महिना असताना सोनोग्राफीत माझ्या किडनीचं काहीतरी गंभीर दिसलं, डॉक्टर म्हणाले बाळ ठेवू नका, आईबाबांनी ऐकलं नाही, मंडळीनं उपास-प्रार्थना केली, आणि मी जन्मलो, एक किडनी नीट नाही पण बाकी ठणठणीत. ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की तोंडपाठ आहे.

पण मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीला, आम्ही एका घरात वाढलोय, पाचव्याच महिन्यात कळलं की बाळाची कवटी आणि मेंदू तयारच झालेला नाही, जन्मलं तरी काही तासांचंच. तिनं आणि भावजींनी गर्भपात केला. मीच गाडी चालवून हॉस्पिटलला नेलं. चर्चमध्ये सगळ्यांना मिसकॅरेज झालं एवढंच माहितीय. ती रविवारी तिसऱ्या रांगेत बसते. मला मनापासून वाटतं की पोटातलं बाळ हे बाळच असतं, मी त्याचा जिवंत पुरावा आहे असं सगळे म्हणतात. पण साक्षीची तयारी करायला बसलो की समोर दीदीच दिसते. नाही म्हटलं तर आई दुखावेल, आणि लीडर म्हणतात ही शंका सैतानाची आहे. त्यात मी मुलगा, मला यावर बोलायचा हक्क तरी आहे का? जाऊ का नको? माझा विश्वास कमी पडतोय का?

— द्विबुद्धीचा"

प्रिय मित्रा,

आधी तुझ्या सहीबद्दल बोलते, कारण पत्र संपताना तिथेच तू स्वतःला दोषी ठरवून टाकलंयस. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात द्विबुद्धीचा माणूस येतो तो कोण, तर जो देवाकडे शहाणपण मागतो आणि मागतानाच देव देईल की नाही म्हणून डळमळतो. तू देवावर डळमळलेला नाहीस रे. अख्ख्या पत्रात देवाबद्दल एक तक्रार नाही तुझी. शंका आहे ती एका कार्यक्रमाबद्दल, आणि त्या स्टेजवरून तुझी गोष्ट बोलली गेली की खाली बसलेल्या एका माणसाला ती कुठे लागेल याबद्दल. लीडर चांगल्या मनानं बोलले असतील, पण याला सैतानाची शंका म्हणणं मला अजिबात पटत नाही. शेजाऱ्यावर प्रीती कर असं लहानपणापासून शिकवलेला मुलगा खरंच शेजाऱ्याचा विचार करायला लागलाय, एवढंच झालंय.

मी कुठून बोलतेय तेही सांगून टाकते. मीही ख्रिस्ती आहे आणि पोटातल्या बाळाला मी बाळच मानते. स्तोत्र 139 मध्ये आईच्या उदरात घडवल्याचं जे येतं ते, किंवा लूकच्या पहिल्याच अध्यायात मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळी मारतं ते, हे मला नुसतं काव्य म्हणून वाचता येत नाही. गर्भपात किरकोळ गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. पण बाईला कोंडीत पकडून बाळ वाचतं असंही मला वाटत नाही, आणि देवळात रडलेल्या बाईला देवळाबाहेर बोर्ड दाखवणं तर मुळीच नको वाटतं. तेव्हा माझं ऐकताना हे डोक्यात ठेव, उद्या तुझं मत माझ्याहून वेगळं झालं तरी चालेल.

आता तुझी साक्ष. ती ज्या साच्यात सांगितली जाते तो साचा जरा बघ. डॉक्टर म्हणाले नको, आईनं विश्वास ठेवला, मंडळीनं गुडघे टेकले, आणि हा बघा तो उभा आहे. लोक हालेलुया म्हणतात, आया डोळे पुसतात. पण तिसऱ्या रांगेत बसलेल्या दीदीला ह्याच गोष्टीतून काय ऐकू येईल? की तूही विश्वास ठेवला असतास तर तुझंही बाळ आज मांडीवर असतं. हे कुणीच तोंडानं म्हणणार नाही, तुझी आई तर नाहीच नाही, पण गोष्टीची मांडणीच अशी आहे की न बोलता ते बोललं जातं. मला वाटतं तुझे पाय इथेच अडतायत, आणि तुला ते शब्दांत पकडता येत नाहीये म्हणून तू त्याला अविश्वास असं नाव देऊन मोकळा झालायस.

आणि ते खरंही नाहीये ना. तुझ्या आईसमोर आणि दीदीसमोर एकच प्रश्न नव्हता. तुझ्या वेळी एक किडनी बिघडलेली होती, दुसरी होती, माणूस एका किडनीवर अख्खं आयुष्य काढतो, म्हणजे धोका होता तसा वावही होता. दीदीच्या बाळाला जे होतं त्याला ॲनेनसेफली म्हणतात, त्यात मेंदूचा मोठा भाग आणि वरची कवटी बनतच नाही, त्यावर ऑपरेशन नाही, औषध नाही, अशी बरीच बाळं पोटातच किंवा जन्मताना जातात आणि जी जन्मतात ती बहुतेक काही तास, फार तर काही दिवस. हे गर्भ राहिल्यावर अगदी पहिल्या महिन्यातच घडून जातं, बऱ्याचदा बाईला आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी, तेव्हा यात तिनं काही केलं किंवा केलं नाही असा विषयच येत नाही. (दीदी पुढे कधी बाळाचा विचार करत असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना फोलिक ॲसिडच्या डोसबद्दल विचारायला सांग, आधी असं झालं असेल तर तो डोस नेहमीपेक्षा बराच जास्त देतात.)

हेही सांगायला हवं की असं निदान झाल्यावरही काही आया बाळ पूर्ण दिवस पोटात वाढवतात, जन्मल्यावर छातीशी धरतात, नाव ठेवतात, बाप्तिस्मा देतात आणि निरोप देतात. मला त्या आयांबद्दल फार आदर आहे. पण ते धैर्य आतून यावं लागतं, दुसऱ्या कुणी स्टेजवरून मागून घ्यायची ती गोष्ट नाही, आणि जिला ते झेपलं नाही तिचं आपल्या बाळावर प्रेम नव्हतं असं त्यातून निघत नाही.

"जिवंत पुरावा" हे वाचताना मला खरंच कसंसं झालं. तू पाळण्यात असल्यापासून लोक तुझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सिद्ध करतायत, प्रेमानंच करतायत मान्य आहे, पण पोरानं जगायचं की सतत कशाचा तरी दाखला होऊन राहायचं? तुझी गोष्ट देवाचे आभार मानायची गोष्ट आहे. आभार मानताना समोरचा हरावा लागत नाही. पुरावा म्हटला की तो कुणाच्या तरी विरुद्ध असतो, आणि इथे तो नेमका दीदीच्या विरुद्ध जातो.

अमेरिकेतल्या रो विरुद्ध वेड या 1973 च्या निकालातली जेन रो म्हणजे नॉर्मा मॅककॉर्वी, तिचं आयुष्य कधीतरी वाच. ज्या केसमुळे तिथल्या बायकांना गर्भपाताचा हक्क मिळाला त्या केसमधल्या बाईला स्वतःला गर्भपात मिळालाच नाही, निकाल लागेपर्यंत मूल जन्मून दत्तकही गेलं होतं. एका बाजूनं तिला आपला चेहरा केलं, मग 1995 मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला तर दुसऱ्या बाजूनं तिला माइक दिला. 2017 मध्ये ती वारली, आणि जायच्या आधी कॅमेऱ्यासमोर सांगून गेली की गर्भपाताविरोधात बोलायचे मला पैसे मिळत होते, तर तिला जवळून ओळखणारे काहीजण अजूनही म्हणतात की तिचा विश्वास खराच होता. खरं काय ते देवाला माहीत. पण दोन्हीकडच्या लोकांना तिची गोष्ट हवी होती, आणि तिचं काय चाललंय हे विचारायला मात्र कुणी थांबलेलं दिसत नाही. तुझे लीडर तसे आहेत असं मी म्हणत नाहीये, पण चांगल्या लोकांच्या हातूनही हे होतं एवढं लक्षात असू दे.

बरं, मोर्चा. इथे एक गाठ सोडवून घे. पोटातलं बाळ मोलाचं आहे का, हा एक प्रश्न. कायद्यानं काय करावं, हा दुसरा. आणि ह्या मोर्च्यात, ह्या घोषणांखाली, मी चालावं का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर तू ठाम हो दिलंस म्हणून उरलेल्या दोघांचंही हो झालंच असं तुला सांगितलं जातंय, आणि तू नाही म्हणालास की पहिल्यालाच नाही म्हणालास असं धरलं जाईल ही तुला भीती आहे. तसं नसतं. पहिला प्रश्न विश्वासाचा, दुसऱ्याला अनुभव आणि माहिती लागते, तिसरा तर त्या त्या दिवसाचा आणि त्या त्या मोर्च्याचा असतो.

दुसऱ्या प्रश्नात माहिती का लागते ते सांगते. आयर्लंडमध्ये 1983 ला आठवी घटनादुरुस्ती करून पोटातल्या बाळाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखा धरला, आणि ते करणारे लोक वाईट नव्हते, विश्वासू होते. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सविता हलप्पनवार, आपल्या बेळगावची मुलगी, तिथे दातांची डॉक्टर होती, 17 आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये गेली, गर्भ राहणार नाही हे स्पष्ट झालेलं होतं, तिनं आणि नवऱ्यानं गर्भपात करा म्हणून विनंती केली पण बाळाचे ठोके सुरू होते म्हणून नकार मिळाला, आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग होऊन 28 ऑक्टोबरला ती गेली. बाळही गेलं, आईही गेली. 2018 च्या मे महिन्यात आयर्लंडच्या लोकांनी 66 टक्क्यांहून जास्त मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली. आणि पोलंडमध्ये उलटं झालं, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या घटना न्यायालयानं बाळात गंभीर व्यंग असेल तर गर्भपात करता येतो हे कलमच रद्द केलं, म्हणजे सरळ सांगायचं तर दीदी ज्या परिस्थितीत होती तेच. भारतात 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर व्यंगाला मेडिकल बोर्डाच्या मंजुरीनं आठवड्यांची अट लागत नाही. बघ, एकाच देवाला मानणारे, जीवनाला पवित्र मानणारे लोक असूनही कायदा कुठे काय आणि कुठे काय. म्हणून "आम्ही जीवनाच्या बाजूनं" एवढं वाचून पुरत नाही, तुमची मागणी नक्की काय आहे हे विचारावंच लागतं.

आणि हे विचारणं म्हणजे विश्वास सोडणं असं कुणी म्हणालं तर त्यांना मंडळीचा इतिहास थोडा दाखव. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या डिडाखे नावाच्या छोट्या ग्रंथापासून ख्रिस्ती लोक गर्भपात करू नका सांगत आलेत, ही परंपरा खरी आहे, खोल आहे, आणि ती उगाच झटकून टाकावी असं मला वाटत नाही. पण त्याच परंपरेत ऑगस्टीन आणि अक्वायनस हे जुने मोठे धर्मपंडित घडलेला गर्भ आणि न घडलेला गर्भ यात फरक करत होते, मारामारीत गरोदर बाईला धक्का लागला तर काय, हे सांगणाऱ्या बायबलमधल्या निर्गम 21:22 चा अर्थ काय यावर आजही विद्वान भांडतात. आणि अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मोठ्या संघटनेनं, आज ज्यांना कट्टर प्रो-लाइफ म्हणून ओळखतात त्यांनी, 1971 मध्ये ठराव केला होता की बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, बाळात गंभीर व्यंग आणि आईच्या शरीर-मनाला धोका यांत गर्भपाताला परवानगी देणारा कायदा व्हावा म्हणून सभासदांनी प्रयत्न करावा. 2003 मध्ये त्यांनीच दुसरा ठराव करून त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्यांचं आधी बरोबर होतं की नंतर, ते तू ठरव. मी एवढंच म्हणतेय की 1971 च्या त्या सभागृहात बायबल घेऊन बसलेली हजारो माणसं सैतानाच्या नादी लागलेली नव्हती, तर तुझ्यासारख्या एका पोरानं नुसतं थांबून विचार केला तर त्याला सैतान का चिकटवायचा?

कॅथलिक चर्च याबाबत सगळ्यात कडक समजलं जातं. पोप जॉन पॉल दुसरे यांचं 1995 चं परिपत्रक गर्भपाताला गंभीर पाप म्हणतं, त्यात काही आडपडदा नाही, पण त्यातच शेवटाकडे त्यांनी गर्भपात केलेल्या बायकांशी थेट बोललंय, की तुमच्या निर्णयामागे काय काय होतं याची चर्चला जाणीव आहे, आशा सोडू नका, क्षमा आणि शांती देणारा पिता वाट बघतोय. 2016 ला पोप फ्रान्सिसनी या पापाची क्षमा द्यायचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंकडे कायमचा दिला. म्हणजे जे सगळ्यात कडक तेही आधी त्या बाईकडे बघतात. तुमच्या मोर्च्याच्या एकाही पोस्टरवर त्या बाईसाठी एक ओळ आहे का, हे मी पहिल्यांदा बघेन.

मुलगा म्हणून हक्क आहे का म्हणतोस. जे तू स्वतः पाहिलंस, भोगलंस, तेवढ्याबद्दल नक्की आहे. बाईनं काय करावं हे सांगण्यापेक्षा मुलांनी काय करावं हे बोललास तर जास्त उपयोग होईल, कारण जबाबदारी टाकून पळालेला बाप कुठल्याच पोस्टरवर नसतो, मुलगी गरोदर राहिली म्हणून घराबाहेर काढणारे आईबाप नसतात, पोटुशी आहे म्हणून कामावरून कमी करणारा मालक नसतो. गर्भपाताच्या दारापर्यंत बाई एकटी चालत आलेली दिसते पण तिला तिथवर आणणारे बरेच असतात.

आणि एक गोष्ट, जी तू एका ओळीत लिहून पुढे सटकलास. गाडी तू चालवलीस. मला वाटतं त्या दिवसाबद्दल तू कुणाशीच बोललेला नाहीस. एकीकडे आपण त्यात सामील झालो असं वाटत असणार, दुसरीकडे दीदीला त्या दिवशी एकटं सोडलं असतं तर स्वतःला माफ करता आलं नसतं, आणि तिसरं म्हणजे तुझंही कुणीतरी गेलंय रे, तू मामा होणार होतास. चर्चला मिसकॅरेज सांगितल्यामुळे दीदीला निदान सांत्वन तरी मिळालं असेल, तुला तेही नाही. स्टेजवर चढायचं की नाही याच्या आधी हे कुणापुढे तरी रिकामं कर, पाळकांशी एकांतात बोल जर ते गुपित पोटात ठेवणारे असतील तर, नाहीतर एखाद्या समुपदेशकाशी. पण दीदीला विचारल्याशिवाय तिचं नाव आणि नातं घेऊ नकोस. ती गोष्ट तिची आहे.

आता ठोस काय करायचं ते.

माझं मत विचारशील तर ह्या वर्षी साक्ष देऊ नकोस. जी गोष्ट सांगताना घसा आवळतो ती हजार लोकांसमोर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांसमोर पहिल्यांदा सांगायची नसते, आणि एकदा व्हिडिओ फिरला की तो दीदीच्या फोनवर कुणीतरी "बघ तुझा भाऊ किती छान बोलला" म्हणून पाठवणारच. पुढे कधी दिलीस तर साचा बदलून दे. आईचे, देवाचे आभार मान, आणि त्याच साक्षीत म्हण की ज्यांनी आमच्याइतकीच प्रार्थना केली आणि ज्यांचं बाळ राहिलं नाही त्यांच्यावर देवाचं प्रेम आमच्याहून तसूभरही कमी नाही. हे वाक्य स्टेजवर बोलू देतील का ते लीडरना विचारून बघ, त्यांच्या उत्तरावरून तुला बरंच कळेल.

नुसतं चालायला जायचं का, हे मोर्चा कसा आहे त्यावर आहे. रस्ता कुठून जातो ते विचार. हॉस्पिटल किंवा क्लिनिकच्या दारावरून जात असेल तर मी म्हणेन नको, कारण आत जाणारी प्रत्येक बाई कशासाठी जातेय ते तुला माहीत नसतं, कुणाचं बाळ आधीच गेलेलं असतं, कुणाचा गर्भ नळीत अडकलेला असतो आणि तो काढला नाही तर तीच मरेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2024 च्या ऑक्टोबरपासून अशा क्लिनिकच्या 150 मीटरच्या आत आंदोलन करायला कायद्यानंच बंदी आहे, त्यावरही वाद आहेत, बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा काही खोटा नाही, पण कायदा नसेल तिथेही माणसानं आपणहून ते अंतर ठेवावं. मग पोस्टर बघ, रक्तामांसाचे फोटो आणि "खुनी" असले शब्द असतील तर त्यांच्याखाली उभा राहू नकोस. कायद्याची मागणी काय आहे ते विचार, आणि इथे जपून, दीदीच्या आजाराचं नाव घेऊन विचारलंस तर कुणीतरी दोन आणि दोन चार करेल, म्हणून आयर्लंडचं किंवा पोलंडचं उदाहरण देऊन विचार. आणि मोर्चा संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय, हेही विचार. याकोबानंच पुढे लिहिलंय ना, उघड्या-उपाशी भावाबहिणीला "सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा" म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, त्याचा काय उपयोग. तुमच्या मंडळ्यांपैकी कुणी गरोदर मुलीला राहायला खोली देतं का, दवाखान्याचा खर्च उचलतं का, दिव्यांग मूल असलेल्या घराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून कुणी जाऊन बसतं का? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं नाहीतर ठेवून जावं, आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी स्वतः दत्तक घेतला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन चालवलं. बाळाच्या बाजूनं आणि आईच्या बाजूनं एकाच वेळी उभं राहता येतं हे त्यांनी करून दाखवलेलं आहे, तेव्हा तुमच्या ग्रुपला ते अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

ही उत्तरं बरी आली तर जा, मागे चाल, गिटार घेऊन चाल, तुझ्या मनात जे बाळाबद्दल आहे ते खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. बरी नाही आली तर जाऊ नकोस आणि त्याबद्दल खाली मान घालूही नकोस.

दीदीकडे मात्र त्याआधी जा. "मी जाऊ का" असं तिला विचारू नकोस हं, कारण मग ती "जा रे, माझं काही नाही" म्हणेल आणि परवानगीचं ओझंही तिच्याच डोक्यावर बसेल. फक्त सांग की असा असा मोर्चा आहे, मला बोलायला सांगितलं होतं, मी नाही म्हणतोय किंवा नुसता चालायला जातोय, तुला बाहेरून कळू नये म्हणून आलोय. मग गप्प बस. तिला बाळाबद्दल बोलायचं असेल तर बोलेल. जमलं तर बाळाचं नाव ठेवलं होतं का विचार, खूप आयांना वाटत असतं की कुणीतरी हे विचारावं.

आईचं मला इतकं अवघड वाटत नाही. तिला वाटेल की माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाची माझ्याच मुलाला लाज वाटतेय. तेव्हा आधी तेच बोल, की मला जन्म दिल्याबद्दल मी रोज आभारी आहे आणि तुझी साक्ष तू हवी तेवढी दे, ती तुझी आहे, पण माझ्या तोंडून ती आत्ता येत नाहीये. ती दीदीची मावशीच आहे, तिला सगळं माहीत असेल तर कारण सांग, ती तुझ्याआधी समजून जाईल. माहीत नसेल तर कारण न सांगता "आई, विश्वास ठेव" एवढ्यावर थांब.

लीडरना मेसेज कर, फोनवर तू विरघळशील. एवढंच लिही: "दादा, मी खूप प्रार्थना करून ठरवलंय की ह्या वेळी मी साक्ष देणार नाही. जीवन देवाची देणगी आहे यावर माझा विश्वास आहे तसाच आहे. कारण घरगुती आहे, ते मी सांगू शकत नाही, कृपया आग्रह करू नका. मोर्च्याबद्दल माझे काही प्रश्न आहेत, भेटून बोलूया." ते पुन्हा सैतानावर आले तर वाद घालू नकोस, "तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हण आणि विषय संपव.

पत्रातलं गावाचं, चर्चचं आणि भावजींच्या नोकरीचं जे काही होतं ते मी काढून टाकलंय, दीदीला कुणी ओळखू शकणार नाही. आयोजकांनी काय उत्तरं दिली ते मला कळव, कायद्याच्या मागणीबद्दल काही कागद दिला तर त्याचा फोटोही पाठव, आपण बसून वाचू.

तुझी,
ताई